रस्त्याकडेचे प्रौढ वृक्ष : दबलेल्या जमिनीतील निगा

शहरांतील रस्त्यांलगतच्या पूर्ण वाढलेल्या झाडांना पाणी देणे, त्यांच्या मुळांभोवतीची जमीन मोकळी राखणे व त्यांचे आयुष्य वाढवणे यांसंबंधीची पद्धती. महाराष्ट्रात असे वृक्ष प्रामुख्याने वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, पर्जन्यवृक्ष, गुलमोहर व सोनमोहर या जातींचे आहेत.

जमीन : चांगल्या मातीच्या घनफळाचा सुमारे निम्मा भाग पोकळ्यांचा असतो, त्यांत पाणी व हवा खेळते. रोलर, वाहनांची चाके व रोजची वर्दळ यांमुळे आधी मोठ्या, म्हणजे हवेच्या पोकळ्या चेपतात. चिकण मातीची घनता दर घन सेंमी.ला सुमारे 1.5 ग्रॅ.च्या व रेताड मातीची सुमारे 1.8 ग्रॅ.च्या पुढे गेली, की मुळांना वाट मिळत नाही. दख्खनच्या पठारावरील काळी माती ओली असताना सर्वांत सहज दबते; उन्हाळ्यात ती भेगाळते आणि बारीक मुळे तुटतात. पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या 30 ते 60 सेंमी. थरात असून ती पर्णसंभाराच्या कडेपलीकडेही पसरतात. बुंध्याला खेटून केलेले हातभर रुंदीचे आळे म्हणूनच प्रौढ झाडाच्या फारसे कामाचे नसते, तरीही पाण्याचा पाइप तेवढ्यातच सोडला जातो.

दबलेपणाची खूण सोपी आहे. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई हाताने टोचावी. ती बोट-दोन बोटांवर अडली, तर पाणी खाली उतरलेलेच नाही. झाडावर ही उपासमार उशिरा दिसते : पाने लहान पडतात, अवेळी गळतात, पुढे शेंडेमर सुरू होते.

पाणी : 10 चौ. मी. जागेवर 25 मिमी. पाणी म्हणजे 250 लिटर. चिकण मातीत एवढ्याने वरचा थरच भिजतो. टँकरच्या जोरदार धारेचे पाणी गटाराला मिळते. त्यामुळे बारीक धार बराच वेळ, जागा बदलत, पर्णसंभाराच्या कडेजवळ सोडावी आणि वाफसा आल्याशिवाय पुन्हा पाणी देऊ नये. रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने खोलवर भिजवणे केव्हाही हिताचे.

मोकळीक : पाचोळ्याचे 5 ते 10 सेंमी. आच्छादन हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय. ते बुंध्याला टेकू देऊ नये. झाडाखालचा पाचोळा झाडून जाळणे म्हणजे त्याचेच अन्न हिरावणे. गांडुळे व बुरशी वर्षानुवर्षे जे काम करतात, ते टिकावाने होत नाही, उलट मुळे तुटतात. गिरमिटाने भोके पाडून त्यांत कंपोस्ट भरण्याच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. बुंध्याभोवती मातीची भर घालणे किंवा सिमेंटचा पार बांधणे यांमुळे मुळांचा माथा गाडला जाऊन कूज लागण्याचा धोका असतो.

खते : दबलेल्या जमिनीत दुय्यम.

छाटणी : पावसाळ्यापूर्वी, बेताची करावी; मुळे कमजोर झालेल्या झाडाची पाने फार कमी करू नयेत.

कायदा : महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 अन्वये वृक्ष प्राधिकरणे नेमली जातात. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा मिळाला. झाडाभोवतीचे एक मीटर त्रिज्येतील काँक्रीट काढण्याचा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा 2013 चा आदेश दिल्लीसंबंधी होता.