शिकारी काडतुसे, रिव्हॉल्व्हरची

मोठ्या वन्य प्राण्यांच्या शिकारीसाठी रिव्हॉल्व्हरमध्ये वापरण्यात येणारी, सामान्यतः ०·४० इंचापेक्षा (सु. १० मिमी.) अधिक व्यासाची काडतुसे. धातूचे कवच, तळाची टोपी, दारू व गोळी हे अशा काडतुसाचे मुख्य भाग होत. काडतुसाची योग्यता केवळ व्यासावरून ठरत नाही. गोळीचे वजन, तिचा वेग आणि कातडी व हाडे भेदून मर्मस्थानापर्यंत पोहोचण्याची तिची क्षमता यांचा एकत्रित विचार करावा लागतो. अपुऱ्या काडतुसाने जनावर मरत नाही, जखमी होते. आणि जखमी वाघ, बिबळ्या किंवा गवा हा शिकाऱ्याइतकाच हाकारे व आसपासचे गावकरी यांच्या जिवावर उठतो.

एकोणिसाव्या शतकात हिमालयाची तराई व मध्य भारत येथे हत्तीवरून वाघाची शिकार होत असे. जखमी वाघ हत्तीवर झेपावल्यास लांब नळीची बंदूक वळविण्यास अवसर मिळत नसे. त्यासाठी ‘हौदा पिस्तूल’ प्रचारात आले. ते बहुधा दोन नळ्यांचे असून त्याच्या काही प्रकारांत स्नायडर बंदुकीचे ०·५७७ इंच (१४·७ मिमी.) व्यासाचे काडतूस वापरीत. लंडनच्या चार्ल्स लँकेस्टर कारखान्याची चार नळ्यांची पिस्तुलेही याच कामी येत. मात्र ही शस्त्रे शिकारीची नव्हेत, तर शिकाऱ्याच्या अखेरच्या बचावाची होती. सह्याद्रीच्या दाट रानांत व अरुंद खिंडींत मचाण व हाकारा याच मुख्य पद्धती असल्याने तेथे रायफल आणि बारा बोअरची बंदूक यांवरच भिस्त राहिली.

ब्रिटिश लष्कराच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचे (१८८७) ०·४५५ इंच व्यासाचे काडतूस व्यासाने मोठे होते. परंतु त्याची सु. १७ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदाला १९० मी.च्या आसपास वेगाने जात असल्याने तिची ऊर्जा सु. ३०० जूल एवढीच भरे. याउलट, धूरहीन दारूच्या प्रसारानंतर शिकारी रायफलींची शक्ती झपाट्याने वाढली. रिग्बी यांनी १८९८ मध्ये ०·४५० इंची शक्तिशाली काडतूस प्रचारात आणले. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानच्या ब्रिटिश सरकारने या व्यासाच्या रायफलींच्या आयातीवर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या लष्करी बंदुकीचा व्यास तोच असल्याने त्या गोळ्या बंडखोरांच्या उपयोगी पडतील, ही भीती तिच्या मुळाशी होती. परिणामी इंग्लंडमधील कारखानदारांना ०·४६५, ०·४७० अशा नव्या व्यासांकडे वळावे लागले. ही काडतुसे पुढे आफ्रिकेतही रूढ झाली.

रिव्हॉल्व्हर हे शिकारीचे प्रमुख शस्त्र म्हणून पुढे आले, ते अमेरिकेत. तेथे १९३५ मध्ये ०·३५७ मॅग्नम आणि १९५५ मध्ये ०·४४ मॅग्नम ही काडतुसे निघाली. दुसऱ्याच्या निर्मितीमागे एल्मर कीथ यांचे प्रयोग होते. त्याची ऊर्जा सु. १,३०० जूल असते. कासुल यांच्या ०·४५४ काडतुसाची ऊर्जा सु. २,४०० जूल, तर २००३ मधील ०·५०० स्मिथ अँड वेसनची सु. ३,५०० जूलपर्यंत जाते. तुलनेसाठी, ०·३७५ हॉलंड अँड हॉलंड (१९१२) या रायफलीच्या काडतुसाची ऊर्जा सु. ५,७०० जूल व ०·४७० चे सु. ६,९०० जूल आहे. आखूड नळी, फिरते कोठार व नळी यांमधील फटीतून निसटणारा वायू आणि हाताला बसणारा धक्का यांमुळे रिव्हॉल्व्हरच्या शक्तीला मर्यादा पडतात. ०·५०० चे मोठे रिव्हॉल्व्हर सु. २ किग्रॅ. वजनाचे असते. हरिण वा रानडुक्कर यांना जवळून मारण्यास ही काडतुसे पुरेशी ठरतात. गव्यासारख्या प्राण्यासाठी मात्र नेम व अंतर यांत चुकीला वाव उरत नाही.

भारतात या शस्त्राला शिकारीत स्थान मिळाले नाही, याचे एक कारण कायद्यात आढळते. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये संरक्षण व शिकार यांसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, तर पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक गृहीत धरलेली आहे. मुळशीसारख्या डोंगराळ, भातशेतीच्या तालुक्यात रानडुकरांचा उपद्रव हा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या धान्याचा प्रश्न असतो. तथापि ठासणीच्या बंदुकीचा एकच बार चुकला वा अर्धवट बसला, की जखमी डुकराला तोंड देण्याची वेळ येते. मुळशीच्या पूर्वेस खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात लष्करी काडतुसांबरोबरच बारा बोअर व ०·३२ इंची रिव्हॉल्व्हरची नागरी काडतुसेही तयार झाली. यांपैकी ०·३२ हे काडतूस स्वसंरक्षणाचे असून मोठ्या जनावरास निरुपयोगी आहे.

वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली सुरुवातीस शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने ते बंद झाले. माणसास वा पिकास धोका असल्यास अधिकृत अधिकाऱ्याच्या परवानगीनेच अपवाद करता येतो आणि वाघ, बिबळ्या, गवा यांच्या बाबतीत प्रथम जिवंत पकडण्याचा किंवा गुंगी देण्याचा पर्याय पाहावा लागतो. मुळशीच्या पश्चिमेकडील ताम्हिणीचा परिसर २०१३ मध्ये अभयारण्य झाला. तथापि गुंगीचे औषधही निर्धोक नसते. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात शिरलेला गवा लोकांच्या पाठलागानंतर व गुंगी देऊन पकडल्यानंतर मरण पावला. साधन कोणतेही असो, अंतर, मात्रा व संयम यांचा मेळ नसल्यास त्याची किंमत जनावराला मोजावी लागते.