साखरेची पकड आणि मुंबईचा रक्तगट

पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला लागून घरंगळतात, हे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच टिपून ठेवले होते. १८६७ साली कोनहाइम यांनी बेडकाच्या पोटातल्या पातळ पडद्यात सूज आणून दाखवले, की याच पेशी भिंत ओलांडतात आणि पू त्यांचाच बनतो. पण वाहत्या रक्तात त्या भिंतीला धरतात कशाच्या आधाराने? त्यात शर्करेचा हात असेल, असे कोणाच्या मनात येत नव्हते. शर्करा म्हणजे शरीराचे इंधन, ही समजूत पक्की होती. १९६४ मध्ये गेस्नर आणि गिन्सबर्ग यांनी उंदराच्या लिम्फ पेशींवरची शर्करा विकरांनी छाटली, तेव्हा त्या पेशी लसिकाग्रंथींऐवजी यकृतात जमल्या. तरीही विकरांनी पेशींनाच इजा झाली असेल, ही शंका रास्त होती. १९८९-९० मध्ये भिंतीवरची सिलेक्टिन प्रथिने आणि ती ओळखतात ती ‘सायलिल लुईस एक्स’ ही फ्यूकोजयुक्त शर्करा उलगडली, तेव्हा ती शंका बरीच मागे पडली. माणसाच्या शरीरात या शर्करेवाचून खरोखर काय अडते, हे मात्र अजून दिसायचे होते.

ते दिसले एका रक्तगटाच्या खुणेमुळे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, की ज्याच्या तांबड्या पेशींवर ए, बी या खुणा तर नव्हत्याच, पण ओ गटात असणारी ‘एच’ ही खूणही नव्हती. ‘एच’ची ओळख ठरते ती फ्यूकोज या शर्करेमुळे. चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्रायलमधल्या दोन मुलांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर होत्या, तरी जंतुसंसर्ग वारंवार होई आणि पू धरत नसे. दोघांचाही रक्तगट मुंबईत आढळलेला तोच, म्हणजे ‘बॉम्बे’, निघाला. त्यांच्या पेशींवर ‘सायलिल लुईस एक्स’ही नव्हते, म्हणून त्या पेशी सिलेक्टिनला धरू शकत नव्हत्या. ‘एच’ आणि ‘सायलिल लुईस एक्स’ या दोन्हींना लागतो तो फ्यूकोज, तेव्हा दोष त्याचाच असणार.

इथे कोणी विचारील, की बॉम्बे गटाची माणसे तर एरवी धडधाकट असतात, मग दोष फ्यूकोजचा कसा? उत्तर असे, की त्या माणसांत फक्त ‘एच’साठी फ्यूकोज जोडणारे विकर निकामी असते, पांढऱ्या पेशींवर तो जोडणारे विकर वेगळे असते आणि ते शाबूत राहते. त्या मुलांच्या विकारात मात्र फ्यूकोज जोडणीच्या जागी नेणारे प्रथिनच बिघडलेले असते, म्हणून दोन्ही जोडण्या एकदम बंद पडतात. दुसरा आक्षेप इंटेग्रिनचा: पेशी भिंतीवर घट्ट थांबते ती या प्रथिनांमुळे. ते खरेच आहे. पण १९९१ मध्ये लॉरेन्स आणि स्प्रिंगर यांनी दाखवले, की वाहत्या द्रवात आधी सिलेक्टिनने वेग आवरला तरच इंटेग्रिनची पकड बसते. शर्करेचे काम पहिले, म्हणून ते चुकले की पुढचे सारे चुकते. रक्तपेढीच्या टेबलावर कोणाला कोणाचे रक्त चालेल एवढेच पाहताना झालेली मुंबईची ती नोंद चाळीस वर्षांनी या प्रश्नाच्या उत्तराला कामी आली. नोंदी चोख ठेवण्याचे मोल ते हेच.