आधी पाणी, मग जाळ : अंगणातला बंब आणि आगगाडीचे इंजिन

आजच्या धाग्यात गडकोट नाहीत, लढायाही नाहीत. आज एका भांड्याचा इतिहास पाहू.

१८५८ साली पुण्यास पोहोचलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत गेली. भिगवण याच मार्गावर आहे. या रुळांवरून धावलेले वाफेचे इंजिन आणि गीझरपूर्व काळात घराच्या परसदारी, न्हाणीजवळ धुमसणारा तांब्याचा बंब यांचे तत्त्व एकच : आग आत, पाणी तिच्याभोवती. इंजिनाच्या बाष्पपात्रात पाण्यातून अनेक नळ्या जातात. बंबात एकच, मधोमध उभी. तीच भट्टी, तेच धुराडे.

बंब पेटवणे ही शिकून घ्यावी लागणारी विद्या होती. तळच्या जाळीवर पाचट, त्यावर तुराट्या. जाळ धरला की वरून बाभळीच्या ढलप्या. नळी गच्च भरली तर हवा कोंडते आणि परसभर धूर होतो. ओल्या लाकडानेही तेच. राख खाली साचली की जाळ मंदावतो, म्हणून ती वेळोवेळी ओढून काढायची. निखाऱ्यांचा बंब बंद न्हाणीत ठेवणे तर जिवावरचे, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

पण या साऱ्याआधीचा धडा एकच : आधी पाणी, मग जाळ.

तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. कथिल-शिशाची झाळ मात्र सुमारे २०० अंशांतच. नळीभोवती पाणी आहे तोवर ते १०० अंशांच्या फारसे वर जात नाही आणि झाळलेला सांधा शाबूत राहतो. रिकामा बंब पेटवला की झाळ सुटते, बंब गळतो आणि घरच्यांना तांबटाकडे धाव घ्यावी लागते.

बंबाचे तोंड उघडे, म्हणून नुकसान गळतीवर निभावते. बंदिस्त बाष्पपात्रात तसे नाही. १८०३ मध्ये इंग्लंडमधील ग्रीनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्या इंजिनाचे बाष्पपात्र फुटून माणसे दगावली. त्यानंतर त्यांनी त्यात शिशाची खीळ बसवली. पाणी घटले की खीळ वितळावी, वाफ सुटावी आणि चालकास इशारा मिळावा. बंबात जो दोष, तोच इथे मुद्दाम योजलेला रक्षक! पुढे आगगाडीच्या इंजिनांतही अशी खीळ रूढ झाली.

(गंमत पाहा : मराठीत आग विझवणारी गाडीही ‘बंब’च.)

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांब्यापितळेची भांडी घडत आली. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.

आता दिवाळी आठवा. नरकचतुर्दशीच्या आदल्या सांजेस चिंचेने घासून लखलखीत केलेला बंब पाण्याने भरून ठेवायचा आणि पेटवायचा तो अभ्यंगस्नानाच्या पहाटे. अंधारात, झोपेच्या डोळ्यांनी बंब पेटवायला येणाऱ्यासाठी पाणी रात्रीच भरलेले असे.