नावघाटापासून विष्णुपुरीपर्यंत

माझे थोरले बंधू वसई रोड ते चर्चगेट असा प्रवास तीस वर्षे करीत होते. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी मला नांदेडला एक पत्र लिहिले. त्यातले एक वाक्य माझ्या मनात घर करून राहिले आहे. त्यांनी लिहिले होते, ‘तुम्ही सुखी आहात, तुमच्या गावाला लोकल नाही.’ नोकरीनिमित्त वसईची हिरवी वाडी सोडून मी 1986 साली गोदाकाठच्या विष्णुपुरीत आलो, तेव्हा माझीही समजूत हीच होती. गर्दी म्हणजे लोकल आणि लोकल म्हणजे गर्दी, हे समीकरण आपणा वसईकरांच्या अंगात इतके मुरलेले असते, की जिथे लोकल नाही तिथे माणसे मोकळा श्वास घेत असणार असे आपण गृहीत धरतो. ही समजूत चुकीची होती, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. नांदेडच्या रस्त्यांचा इतिहास मी त्यानंतरच चाळू लागलो.

प्रथम या शहराचा आकार ध्यानात घेतला पाहिजे. दक्षिणेस गोदावरी, उत्तरेस लोहमार्ग आणि या दोहोंच्या बेचक्यात जुने नांदेड वसलेले आहे. नदीच्या काठाने घाटांची रांग आहे. नगीनाघाट, बंदाघाट, गोवर्धनघाट अशी त्यांची नावे असून त्यांतच एक नावघाट आहे. पूल नव्हते तेव्हा पैलतीर गाठण्याचे साधन कोणते होते, हे त्या नावावरूनच उमगते. आज नावघाटावर पूल आहे. पण तो ठेंगणा आहे. पावसाळ्यात विष्णुपुरीच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले, की तो पाण्याखाली जातो आणि घाट पुन्हा नुसता घाट उरतो.

या गावी येणाऱ्यांची वर्दळ मात्र जुनीच आहे. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंघजी यांचे देहावसान 1708 साली येथे झाले आणि महाराजा रणजितसिंगांच्या साहाय्याने 1832 ते 1837 या काळात सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू उभी राहिली. त्यामुळे पंजाबातून शेकडो कोसांची वाट तुडवीत यात्रेकरू येत राहिले. दूरवरच्या माणसाला नांदेडला आणण्याचा विचार या शहरात फार पूर्वीपासून झाला आहे. पण इथल्या माणसाने इथल्या इथे कसे जावे, हा प्रश्न त्या मानाने कोणाला फारसा पडलेला दिसत नाही.

रेल्वेचेच उदाहरण घ्या. निजामाच्या राज्यातून सिकंदराबादहून मनमाडला जाणारा गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज मार्ग 1900 च्या सुमारास पुरा झाला. नांदेडला स्थानक आले, मोंढ्यातला कापूस बाहेर जाऊ लागला आणि गावाचे रूप पालटले. पण त्या गाड्यांचे तोंड होते हैदराबादकडे. वरिष्ठ कचेऱ्या तिथे होत्या आणि 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही तिथेच. उच्च शिक्षण घ्यायचे, तर मराठवाड्यातल्या मुलाने गाडीत बसून परमुलखात जायचे आणि तेथे उर्दूतून शिकायचे. मुंबईला जायचे झाले, तर मनमाडला उतरून, बोचकी डोक्यावर घेऊन, दुसऱ्या रुंदीच्या गाडीत चढायचे. रेल्वे नांदेडातून जात होती. नांदेडकरांच्या रोजच्या जगण्याशी तिचा संबंध बेताचाच होता.

इथे आपल्याकडची गोष्ट आठवते. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली दैनंदिन गाडी 1867 साली सुरू झाली, तेव्हा दिवसाला ती एकच होती. पुढे 1928 साली बोरिवलीपर्यंत आणि 1936 साली विरारपर्यंत विजेची गाडी धावू लागली. मधल्या काळात मुंबईची वस्ती रुळांच्या कडेकडेने उत्तरेकडे सरकत गेली. गाडी आधी आणि वस्ती मागून, असा तो क्रम होता. त्या गर्दीचे हाल मी नाकारीत नाही, बंधूंच्या चपला किती वेळा फलाटावर राहिल्या ते मला माहीत आहे. पण त्या गर्दीला निदान एक वाट होती, वेळापत्रक होते आणि गरिबाला परवडणारा पास होता. नांदेडला गर्दी आली, पण यांतले काहीच तिच्याबरोबर आले नाही.

मोटारबसच्या बाबतीत निजामी राजवट आपल्या मुंबई इलाख्याच्या पुढे होती, हे सांगितले तर अनेकांना आश्चर्य वाटेल. आपल्याकडे पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. 1948 च्या जूनमध्ये धावली. हैदराबाद संस्थानात रेल्वे खात्यानेच 1932 साली सत्तावीस बसगाड्या घेऊन सरकारी वाहतूक सुरू केली होती. आगगाडी आणि मोटार एकाच खात्याच्या हाती असावी, हा विचार त्या काळी दूरदृष्टीचा म्हटला पाहिजे. पुढे 1948 साली संस्थान भारतात विलीन झाले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, महाराष्ट्राची स्थापना झाली आणि 1961 साली इथली बसवाहतूक राज्याच्या परिवहन महामंडळात मिसळून गेली. गावोगाव लाल गाडी पोहोचली. हे उपकार मोठेच आहेत. पण तीही गाडी या गावाहून त्या गावाला जाणारी.

1950 साली पीपल्स कॉलेज निघाले. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या संस्थेत पुढे नरहर कुरुंदकरांसारखे प्राध्यापक लाभले आणि हैदराबादची वाट न धरताही शिकता येते, हे मुलांना प्रथमच उमजले. त्या काळचे नांदेड सायकलच्या टप्प्यातले होते. शाळा, महाविद्यालय, कचेरी, मोंढा, दवाखाना सारे नदीच्या अलीकडेच होते; पायी निघाले तरी अर्ध्या-पाऊण तासात कुठेही पोचता येई. जुने लोक त्या दिवसांविषयी बोलू लागले, की टांग्यांचा आणि तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलींचा उल्लेख हटकून येतो. त्यात आठवणींचा गोडवा थोडा असणारच, तो वजा केला तरी अंतरे खरोखर लहान होती.

मराठवाड्याच्या विकासासाठी 1974 साली मोठे आंदोलन झाले. रुंद लोहमार्ग ही या प्रदेशाची जुनी मागणी होती आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या ज्येष्ठांनी तिच्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली. 1990 नंतरच्या दशकात ती टप्प्याटप्प्याने फळाला आली. मनमाडला गाडी बदलण्याचा वनवास संपला, अमृतसरला थेट जाणारी सचखंड एक्स्प्रेस सुरू झाली आणि 2003 साली नांदेडला रेल्वेचा स्वतंत्र विभागही मिळाला. हा लढा न्याय्य होता, यात शंका नाही. मात्र त्या साऱ्या मागण्यांचा रोख नांदेडहून बाहेर जाण्याकडे होता. नांदेडहून नांदेडला कसे जावे, ही मागणी कोणी केली नाही, कारण तोवर तिची गरजच भासली नव्हती. ती गरज तयार होत होती नदीच्या पलीकडे.

विष्णुपुरी हे दक्षिण तीरावरचे गाव. शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर, काळेश्वराच्या मंदिरामुळे भाविकांना ठाऊक असलेले. तिथे 1981 साली श्री गुरू गोविंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याच परिसरात गोदावरी अडवून उपसा सिंचनाचा मोठा प्रकल्प साकारला. शंकरराव चव्हाणांच्या नावावरून त्या जलाशयाला शंकर सागर म्हणतात. सिडकोने ‘नवीन नांदेड’ वसवले तेही नदीच्या दक्षिणेलाच, आणि औद्योगिक वसाहतही त्याच बाजूला गेली. 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, औरंगाबादच्या विद्यापीठातून वेगळे होऊन स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचा विस्तीर्ण परिसर विष्णुपुरीलाच मुक्रर झाला. ज्यांच्या प्रेरणेने मुलांचे हैदराबादला जाणे थांबले, त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात जाण्यासाठी मुलांना आता रोज नदी ओलांडावी लागू लागली.

मी आलो तेव्हा विष्णुपुरीच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी ज्वारी उभी असे. संध्याकाळची शेवटची बस गेली, की रातकिड्यांखेरीज सोबत नसे. शहरात जाऊन भाजी आणणे हा एक बेत असे, आणि घरच्या मंडळींचा तो आठवड्याचा सण असे. हा एकांत मला आवडे. पण शहरातून शिकायला येणाऱ्या मुलांचे चेहरे वेगळे काही सांगत. घरे अलीकडे, शाळा-महाविद्यालये पलीकडे, आणि मधे एका हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे पूल. एखाद्या सुरईत वरून पाणी ओतत राहावे आणि तिची मान मात्र आहे तेवढीच असावी, तसे हे झाले. 1997 साली महानगरपालिका झाली आणि तिचे नाव पडले नांदेड-वाघाळा. वाघाळा हे दक्षिण काठावरचे गाव. कागदावर दोन्ही काठ एका छोट्या आडव्या रेघेने जोडले गेले! प्रत्यक्षात ती रेघ पार करणे हे रोज सकाळी हजारोंचे काम होऊन बसले.

रस्ते कोणी केलेच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. तो अन्याय होईल. 2008 हे गुरू ग्रंथसाहिबांच्या गुरुगादीचे तीनशेवे वर्ष होते. त्या निमित्ताने नांदेडचा समावेश केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत झाला आणि शहराचा कायापालट आरंभला गेला. रस्ते रुंद झाले, गोवर्धनघाटाजवळ नवा पूल झाला. विशेष म्हणजे, पादचाऱ्यांसाठी रुंद पदपथ आणि सायकलींसाठी वेगळी वाट ठेवून मुख्य रस्त्यांची आखणी करण्यात आली. महाराष्ट्रातल्या आडबाजूच्या शहरात असा विचार व्हावा, ही साधी गोष्ट नव्हे. मला तर तो रस्ता प्रथम पाहिला तेव्हा भरून आले होते. पुढे त्या सायकलवाटेवर दुचाक्या उभ्या राहिल्या, पदपथांवर हातगाडे आले, आणि चालणारा पुन्हा गाड्यांच्या मधून वाट काढू लागला. हातगाडेवाल्याला मी दोष देत नाही. जिथे माणसे थांबतात तिथेच त्याला पोट भरता येते. खरी उणीव निराळी होती. रस्ता झाला, पण त्यावरून नियमाने धावणाऱ्या शहर-बसगाडीने या गावात कधी मूळ धरले नाही. ज्याचे वाहन त्याने आणावे, असा अलिखित नियम होऊन गेला. 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाखांवर गेलेल्या शहराचा भार मग दुचाकीने आणि ऑटोने उचलला. मुंबईकडे जिला आपण ‘ती रिक्षा’ म्हणतो, तो इकडे ‘ऑटो’ असतो, आणि पुल्लिंगी असतो. त्याच्या गुणदोषांविषयी एक स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. पण तो नसता, तर नांदेडची निम्मी मुले शिकली नसती, एवढे मी साक्षीने सांगू शकतो.

या साऱ्यात सर्वांत जास्त कोणाला सोसावे लागते, हे मला एका प्रवासात दिसले. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1988 साली सुरू झाले. त्याचे रुग्णालय दीर्घकाळ वजिराबाद भागात, गावाच्या अगदी मध्यावर होते. बसस्थानकावर उतरलेला खेड्यातला माणूस विचारत विचारत पायी तिथे पोचे. जागा अपुरी पडू लागली होती, रुग्ण जमिनीवर झोपत. नव्या प्रशस्त इमारतीची गरज होती आणि ती 2010 नंतरच्या दशकात विष्णुपुरीला उभी राहिली. या स्थलांतराचे कारण योग्यच होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत शहरातून घरी परतताना मी एका ऑटोत बसलो. शेजारी कंधारकडची एक बाई होती. मांडीवर फडक्यात बांधलेला भाकरीचा डबा, हातात औषधांच्या चिठ्ठ्या. मुलगा दवाखान्यात होता. ती आधी जुन्या जागी जाऊन आली होती.

“मोठा दवाखाना हितंच होता की हो काका,” ती मला म्हणाली. “आता कुठं नेऊन टाकलाय?”

“नदीच्या पलीकडं, विष्णुपुरीला. मी तिकडंच राहतो, ताई. उतरवून देतो तुम्हाला.”

“लई लांब हाय का?”

मी आठ-दहा किलोमीटर म्हणालो नाही. पुलापलीकडे आहे, एवढेच सांगितले. ऑटोवाला अजून एका सीटची वाट पाहत थांबला होता. त्याचेही चुकत नव्हते, त्या दराने चौघांत त्याला तेल परवडत नाही. बाई दोनदा उतरून रस्त्याकडे पाहून आली. भाकरी निवेल, अशी तिला काळजी होती. शेवटी एक विद्यार्थी पाठीवरची पिशवी सांभाळीत आला, आणि आम्ही निघालो. पुलावर नेहमीप्रमाणे खोळंबा होता. खाली शंकर सागरातून सोडलेले पाणी संथ वाहत होते, वर आम्ही उभे होतो, पुढे एक ट्रॅक्टर, मागे रुग्णवाहिका. तिचा भोंगा वाजू लागला, तशी बाईने डबा घट्ट धरला.

2025 साली मुंबईची वंदे भारत गाडी नांदेडपर्यंत आली, तेव्हा मला बंधूंच्या त्या पत्राची पुन्हा आठवण झाली. स्थानकावर लोक कौतुकाने जमले होते. आनंदाचीच गोष्ट आहे ती. स्थानकाबाहेर मी विष्णुपुरीच्या ऑटोत बसलो. आत तिघे होते.

दवाखान्याच्या फाटकाशी उतरताना त्या बाईने कनवटीची नाणी मोजून दिली होती आणि मला विचारले होते, “परत जायला गाडी किती वाजेस्तोवर असती?”

मी सांगितले, वेळ ठरलेली नाही. माणसे भरली की सुटते.