मी कधीच मत न दिलेली सभा

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी मी बंगळुरूहून रात्रीच्या स्लीपर बसने सोलापूर गाठलं. मत दिलं, शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकला, आईच्या हातचं जेवलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये टीममधल्या तमिळ मित्राने विचारलं, "एवढा आटापिटा केलास, पण राज्यसभेत तुझं कोण आहे?" मला एकही नाव सांगता आलं नाही. मग वाचायला बसलो.

लोकसभेचं लॉजिक सोपं आहे. ५४३ मतदारसंघ, ज्याला सर्वाधिक मतं तो खासदार. हरलेल्यांची मतं तिथेच संपतात. राज्यसभेसाठी मात्र माझ्या वतीने माझा आमदार मत देतो, तेही पसंतीक्रमाने. समजा, महाराष्ट्रातल्या सहा जागा रिकाम्या झाल्या. सगळ्या २८८ आमदारांनी मत दिलं, तर साधारण ४२ जणांची पहिली पसंती मिळवणारा निवडून येतो. म्हणजे विधानसभेतल्या अल्पमतातल्या पक्षालाही आपला माणूस दिल्लीला पाठवता येतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकरांकडून हरले. त्याच वर्षी, १९५२ मध्ये, ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. थेट मतदानाने बंद केलेलं संसदेचं दार दुसऱ्या सभागृहाने उघडलं.

हे सभागृह हवंच कशाला, हा वाद जुलै १९४७ मध्ये घटना समितीतही झाला होता. काही सदस्यांना ती प्रगतीच्या वाटेतली धोंड वाटत होती. गोपालस्वामी अय्यंगार यांचं म्हणणं होतं की, भावनेच्या भरात होणाऱ्या कायद्यांना थोडा वेळ थोपवणारं कुणीतरी हवं.

जागांचं सूत्र इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखं ठरलं. पहिल्या ५० लाख लोकसंख्येसाठी दर १० लाखांमागे एक जागा, त्यापुढे दर २० लाखांमागे एक. अमेरिकेच्या सिनेटमध्ये कॅलिफोर्नियाला दोन आणि चिमुकल्या वायोमिंगलाही दोनच. आपल्याकडे तसं नाही. लोकसभेत उत्तर प्रदेशच्या ८० जागा, सिक्कीमची एक. राज्यसभेत ३१ आणि एक. लहान राज्यांना झुकतं माप आहे, पण बरोबरी नाही.

माझ्या मित्राची काळजी इथेच आहे. राज्यांमधलं लोकसभेच्या जागांचं वाटप अजून १९७१ च्या जनगणनेवर आहे. ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेलं आहे. ते उठलं, तर लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या तमिळनाडूचा वाटा घटेल, असं तो म्हणतो. आमच्याच टेबलावरचा लखनौचा मित्र विचारतो, "मग माझ्या मताची किंमत कायम कमीच ठेवायची का?" दोघांचंही मला पटतं. म्हणूनच दोन सभागृहं असतात: एकात माणसं मोजायची, दुसऱ्यात राज्यांना सांभाळायचं. पण आपलं दुसरं सभागृहही बरंचसं डोकीच मोजतं. शिवाय धन विधेयक ते अडवू शकत नाही, फक्त १४ दिवस ठेवू शकतं.

त्यात २००३ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी बदलल्या. उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट गेली आणि आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या एजंटला दाखवणं आलं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही बदल कायम ठेवले. घोडेबाजार थांबावा, हा उघड मतदानामागचा हेतू. तो मला मान्य आहे.

पण माझ्या वतीने दिलेलं मत पक्षाला दिसतं आणि मला दिसत नाही. लोकसभेच्या जागा वाढवण्यावर वाद घालण्याआधी, राज्यसभा नक्की कुणाची, हे एकदा ठरवायला हवं. सध्या तरी पुढच्या सुट्टीत सोलापूरला गेलो की आमदारांच्या ऑफिसात जाऊन विचारणार आहे, "माझं मत कुणाला दिलंत?"