इंजिनांसाठी अडवलेलं पाणी

खडकवासला भरलं की ती पाण्याची बातमी असते. भुशी भरलं की ती सहलीची बातमी असते. जून-जुलैत कधीतरी ‘भुशी डॅम ओव्हरफ्लो’ असा मथळा झळकतो आणि पुढच्याच रविवारी पुण्याहून सुटलेली लोणावळा लोकल स्टेशनात रिकामी होते. मग भर पावसात एकाच रस्त्याला माणसांची आणि गाड्यांची रांग. भुशीच्या पायऱ्यांवरून पाणी फेसाळत खाली येतं. त्यात पाठ टेकून आजोबा बसलेले, शेजारी नातवंडं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल उंच धरून फोटो काढणारा एखादा काका. काठावर कोळशावर कणसं भाजली जातात. लिंबाची फोड मीठ-तिखटात बुडवून कणसावर घासायची आणि भिजलेल्या हाताने खायचं.

महाराष्ट्रातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध असलेला हा धबधबा मुळात धबधबाच नाही. ते तलावाच्या सांडव्याचं पाणी आहे, आणि तो तलाव बांधला रेल्वेने, वाफेच्या इंजिनांची तहान भागवायला.

ही तहान समजायची तर बोरघाट समजायला हवा. 1858च्या जूनमध्ये पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली. तिकडे मुंबईहून रूळ खोपोलीपर्यंत येऊन थांबले होते. मधला घाट प्रवासी पालखीतून, तट्टावरून किंवा पायी उतरत. सह्याद्रीचा हा कडा रुळांनी चढायचा, तर कर्जतच्या बाजूने सुमारे पंचवीस किलोमीटरांत अठराशे फुटांहून अधिक उंची गाठायची होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी त्यासाठी पंचवीस बोगदे आखले. चढ काही ठिकाणी 37 फुटांना एक फूट. एके जागी तर वळायलाही वाव नव्हता, म्हणून गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा, अशी ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ची युक्ती काढली गेली. ती 1929पर्यंत चालली.

1861च्या सुरुवातीला या घाटात बेचाळीस हजारांवर माणसं राबत होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859मध्ये भारतात येऊन थोड्याच दिवसांत वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव निदान पुस्तकांत राहिलं. कॉलऱ्याने आणि सुरुंगांनी घाटात मेलेल्या मजुरांची नावं कुठेच नाहीत. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचं उद्घाटन झालं.

आणि लोणावळा घडलं. त्याआधी हवेसाठी येणाऱ्या साहेबाच्या तोंडी नाव असायचं ते खंडाळ्याचं. घाट चढून दमलेलं इंजिन जिथे पाणी आणि कोळसा घ्यायचं, तिथे लोको शेड आली, कामगारांच्या चाळी आल्या, गोऱ्या नोकरदारांचे बंगले आणि चर्च आलं. पाऊस इथे धो धो, पण तो चार महिन्यांचा. उन्हाळ्यात बॉयलर भरायचे कशाने? म्हणून इंद्रायणीच्या उगमाकडचं पाणी भुशीला अडवलं गेलं.

1929-30मध्ये घाटात विजेची इंजिनं आली. 1 जून 1930ला डेक्कन क्वीन धावू लागली. सुरुवातीला ती शनिवार-रविवारची गाडी होती, म्हणजे मौजेची. इंजिनांची तहान संपली त्याच सुमारास सुट्टी घालवायला येणाऱ्यांची गाडी सुरू झाली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

तोवर लोणावळ्याच्या पाण्याला दुसरं मोठं गिऱ्हाईक मिळालेलं होतं. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतल्या जलविद्युत प्रकल्पाची कोनशिला 8 फेब्रुवारी 1911ला इथेच बसली. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे पाणी अडवून ते पाइपांतून खोपोलीला खाली सोडायचं, आणि त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालवायच्या. 1915पासून तसं होऊ लागलं. इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी पश्चिमेला वळलं. वळवणच्या काठावर उभं राहून ‘काय निसर्ग आहे!’ म्हणणाऱ्याला हे क्वचितच ठाऊक असतं.

शेजारच्या मुळशीत टाटांच्याच पुढच्या धरणाला शेतकऱ्यांनी विरोध केला. 1921च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्यातूनच ‘सेनापती’ झाले. मावळातलं पाणी दुसरीकडे नेण्याचा प्रश्न तेवढ्यावर मिटला नाही. पवनेचं पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध 9 ऑगस्ट 2011ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले.

रेल्वेने लोणावळ्याला आणखी एक गोष्ट दिली: चिक्की. 1888पासून इथे रेल्वे कामगारांना गुडदाणी विकली जाई, आणि तिचीच पुढे चिक्की झाली, असं सांगतात. घाट त्याच्या पंचवीस वर्षं आधीच पुरा झाला होता, तेव्हा बोगदे खणणाऱ्यांनी ती खाल्ली ही कहाणी जुळत नाही. पण शेडमधले, रुळांवरचे कामगार होतेच, आणि गूळ-शेंगदाण्याइतका स्वस्त, टिकाऊ, अंगात ताकद आणणारा दुसरा खाऊ कुठला? पाक झाला की नाही ते आजही थेंब पाण्यात टाकून बघतात: बोटाने मोडताना कट्‌ आवाज आला पाहिजे. मग दाणे घालून, तूप लावलेल्या ओट्यावर लाटणं फिरवायचं आणि गरम असतानाच वड्या कापायच्या. उशीर केला की सुरी चालत नाही.

भुशीच्या पायऱ्या बांधलेल्या आहेत; तिथलं पाणी बहुधा घोट्या-गुडघ्याएवढं. पण गर्दी वाढली तशी माणसं तलावाच्या मागच्या डोंगरातल्या ओढ्यांत शिरू लागली, आणि ते ओढे पावसाच्या एका सरीने फुगतात. 30 जून 2024ला तिथेच पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर पावसाळी निर्बंध घातले, भुशीच्या वाटेवरच्या अनधिकृत टपऱ्या हटवल्या गेल्या. धरण अजून रेल्वेचं आहे, वरचं जंगल वनखात्याचं, गाव नगर परिषदेचं आणि रविवारचा बंदोबस्त लोणावळा पोलिसांचा.