अक्षरांतून संख्येकडे : बेसिक भाषेतील 'व्हॅल' फलनाचा इतिहास

प्रस्तावना :
संगणकाच्या लेखी '२५' ही दोन अक्षरचिन्हे आणि पंचवीस ही संख्या या भिन्न वस्तू आहेत. कळफलकावरून येतात ती चिन्हे. गणित होते ते संख्येचे. या दोहोंना जोडणारे रूपांतर बेसिक भाषेत कसे आले आणि त्यामागे कोणती दृष्टी होती, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उगम :
अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ यांनी बेसिकची निर्मिती केली. १ मे १९६४ रोजी ती प्रथम कार्यान्वित झाली. विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा तिचा हेतू होता. आरंभी तिच्यातील चले केवळ संख्यांची होती. मजकूर फक्त छापता येई. साहजिकच रूपांतराचा प्रश्न उद्भवत नव्हता. डॉलर चिन्हाने ओळखली जाणारी मजकुराची चले, म्हणजे 'स्ट्रिंग', नंतरच्या आवृत्त्यांत आली. १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अल्टेअर संगणकासाठी बेसिक तयार केली. तिच्या ४ के आवृत्तीत स्ट्रिंग नव्हत्या. ८ के आवृत्तीत त्या होत्या आणि त्यांच्यासोबत 'व्हॅल' हे फलनही होते.

कार्यपद्धती :
आस्की संकेतप्रणालीत शून्य या चिन्हाचा संकेतांक ४८ आहे. प्रत्येक अंकचिन्हाच्या संकेतांकातून ४८ वजा करावयाचे आणि आधीच्या संख्येला दहाने गुणून त्यात ते मिळवावयाचे, हे या रूपांतराचे मूळ तत्त्व. संख्येत न बसणारे चिन्ह आले की मायक्रोसॉफ्टचे 'व्हॅल' तेथेच थांबते व तोवरचे उत्तर देते. त्यामुळे स्वल्पविरामासह लिहिलेल्या '१,२५,०००' चे उत्तर १ येते, तर 'पंचवीस' या शब्दाचे ०.

या उदारतेचा उपयोगही झाला. संख्येच्या जागी मजकूर टंकित केल्यास 'इनपुट' ही आज्ञा 'रिडू फ्रॉम स्टार्ट' असा संदेश देई. तो टाळण्यासाठी आज्ञावलीकार उत्तर स्ट्रिंगमध्ये स्वीकारून मग 'व्हॅल' वापरत. तथापि, वापरकर्त्याने खरोखर शून्य लिहिले की निरर्थक मजकूर, हा भेद त्या उत्तरात उरत नसे.

अन्य परंपरा :
सर्व बेसिक एकसारख्या नव्हत्या. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये 'व्हॅल' संपूर्ण गणिती पदावली सोडवी. '२+३' चे उत्तर ५ येई. निरर्थक मजकूर दिल्यास मात्र चूक दाखवून आज्ञावली थांबे. १९८१ च्या बीबीसी मायक्रोमध्ये संख्या वाचण्यासाठी 'व्हॅल' व पदावलीसाठी 'इव्हॅल' अशी विभागणी होती. १९८४-८५ मध्ये भारतात सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात हेच संगणक वापरले गेले.

आपल्या दृष्टीने एक बाब लक्षणीय आहे. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांचे संकेतांक २४०६ ते २४१५ असे आहेत. ४८ वजा करण्याचा नियम त्यांना लागू पडत नाही. मराठीत लिहिलेली संख्या त्या नियमाच्या दृष्टीने संख्याच नव्हे.

निष्कर्ष :
नवशिक्याला अडवू नये, ही बेसिकची भूमिका मायक्रोसॉफ्टच्या 'व्हॅल' मध्येही दिसते. परंतु न अडवण्याची किंमत अचूकतेने मोजली. 'समजले नाही' हे सांगण्याऐवजी शून्य देणारे यंत्र वापरकर्त्याला सोयीचे वाटते, मात्र हिशेबातील चूक त्याच शून्यात लपते. म्हणून रूपांतरापूर्वी मजकुराची तपासणी करणे, हा या इतिहासाचा व्यावहारिक बोध होय.